कॅडीचा मालक कोण?

२०२५ च्या २१ नोव्हेंबरपासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेने, ज्याला एक असा ठरलेला मालक नाही अशा श्रमिकाची दखल कायद्याच्या परिभाषेत प्रथमच घेतली, असे तिचे समर्थक सांगतात. दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचविणारा तरुण आणि मोबाइलवरून बोलाविता येणारा टॅक्सीचालक हे या चर्चेतले नेहमीचे नायक होत. जणू काही मालकावाचून मजुरी ही गोष्ट मोबाइलबरोबरच जन्मास आली! या संहितेची कसोटी पाहावयाची असेल तर मोबाइलच्या कितीतरी आधीपासून अगदी याच रीतीने राबणाऱ्या एका माणसाकडे पाहावे, असे मला वाटते. तो माणूस म्हणजे गोल्फच्या मैदानावरील कॅडी.

गोल्फ हा शब्द दिसताच आपल्यासारख्या शिक्षक-कारकुनांच्या वर्गातील वाचक पान उलटण्याच्या बेतात येईल, याची मला कल्पना आहे. हा खेळ आपला नव्हे, असे आपण धरून चाललो आहोत. परंतु तो आपल्या शहराला परका मात्र नाही. रॉयल बाँबे गोल्फ क्लब १८४२ साली स्थापन झाला. म्हणजे मुंबईत पहिली आगगाडी धावली त्याच्याही अकरा वर्षे आधी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात लॉर्ड विलिंग्डन यांनी ताडदेव-हाजीअलीजवळ स्थापलेला क्लब, १९२७ पासूनचा चेंबूरचा बाँबे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आणि कुलाब्याच्या टोकाला समुद्रालगत असलेले युनायटेड सर्व्हिसेस क्लबचे मैदान, अशा तीन ठिकाणी मुंबईत आजही हा खेळ चालतो. गिरगावातून ताडदेवमार्गे हाजीअलीला जाणाऱ्या माणसाचा रस्ता यांपैकी एका हिरवळीच्या जवळून जातो. त्या हिरवळीवर खेळणारा एक असतो आणि त्याच्या काठ्यांची बॅग खांद्यावर घेऊन चालणारा दुसरा. आपल्याला आज या दुसऱ्याचा विचार करावयाचा आहे.

कॅडी म्हणजे हमाल अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. नियमाप्रमाणे खेळाडूला चौदापर्यंत काठ्या जवळ बाळगता येतात. त्या वाहणे, पुसून देणे, वाळूत उमटलेली पावले मिटविणे, ही हमाली झाली. परंतु वारा कोठून येतो आहे, चेंडूपासून झेंडीपर्यंत किती यार्ड आहेत, हिरवळीचा उतार कोणीकडे आहे आणि म्हणून कोणती काठी घ्यावी, हे खेळाडूला सांगणे हे त्याचे खरे काम. व्यावसायिक स्पर्धेत एकट्याने खेळणाऱ्या खेळाडूला फेरी चालू असताना खेळाविषयी सल्ला मागता येतो तो फक्त आपल्या कॅडीचा. त्याची चूक झाली तर दंडाचा फटका मात्र खेळाडूच्या नावावर चढतो. आपल्याकडे क्लबांतून पुढे जाऊन चेंडू कोठे पडला ते पाहणाऱ्यास ‘आगेवाला’ म्हणण्याची जुनी रीत आहे. इंग्रजांच्या खेळात इतका अस्सल देशी शब्द टिकून राहिला तो अर्थात साहेबामुळे नव्हे, तर साहेबाच्या पुढे धावणाऱ्यामुळे.

या धंद्याचे अर्थशास्त्र नीट कळावयाचे असेल तर त्याच्या शिखराकडे, म्हणजे व्यावसायिक दौऱ्यांकडे पाहणे सोयीचे. त्यातही महिलांचा दौरा मी मुद्दाम निवडतो. पुरुषांच्या दौऱ्यात पैसा इतका आहे की त्याच्या लोटात धंद्याचा सांगाडा दिसेनासा होतो. २०२४ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत पुरुषांसाठी एकूण बक्षिसे २ कोटी १५ लाख डॉलरांची होती आणि विजेत्याला ४३ लाख मिळाले. त्याच वर्षीच्या महिलांच्या अमेरिकन ओपनमध्ये एकूण बक्षिसे १ कोटी २० लाखांची आणि विजेतीचा वाटा २४ लाखांचा होता. आणि ही महिलांची सर्वांत श्रीमंत स्पर्धांपैकी एक! इतर आठवड्यांत रकमा पुष्कळच खाली येतात. जेथे पैसा बेताचा असतो तेथे कोणाचा वाटा कोठे जातो हे चटकन डोळ्यांत भरते.

अमेरिकेतील महिला व्यावसायिकांच्या दौऱ्यावर वर्षात तीसच्या वर स्पर्धा होतात. अमेरिकेत, युरोपात, आशियात. कॅडीचा आठवडा सोमवारी सुरू होतो, तो बहुधा विमानतळावर. मागल्या रविवारी तो कोठेतरी दुसऱ्याच गावी होता. विमानाचे तिकीट, हॉटेलचे भाडे, जेवणखाण, हे सारे सामान्यतः त्याचे त्याने पाहावयाचे. म्हणून दोघेतिघे कॅडी मिळून एक खोली घेतात, एक मोटार भाड्याने घेतात. सोमवारी-मंगळवारी तो बहुधा एकटाच, काठ्यांवाचून, सारे मैदान पायांखाली घालतो. जवळच्या वहीत प्रत्येक होलची अंतरे छापलेली असतात. तेवढ्यावर न विसंबता तो स्वतः मोजमाप करतो, उतार टिपतो, कोठे चेंडू गेला तर परत येणे कठीण त्या जागांवर खुणा करतो. मग सरावाची फेरी. बुधवारी बहुधा ‘प्रो-अॅम’, म्हणजे पुरस्कर्त्या कंपन्यांच्या पाहुण्यांबरोबर खेळाडूने एक फेरी खेळावयाची. या फेरीत कॅडीला आणखी एक काम लागते, हसतमुख राहण्याचे.

गुरुवारी स्पर्धा सुरू होते. चार दिवसांची स्पर्धा, रोज अठरा होल, म्हणजे आठ-दहा किलोमीटर चाल, खांद्यावर पंधरा-वीस किलोंचे ओझे, आणि पाऊस आला तर छत्री खेळाडूच्या डोक्यावर. सराव धरून आठवड्यात सहा-सात वेळा हे मैदान तो पालथे घालतो. परंतु आठवड्याची खरी घटका असते ती शुक्रवारी संध्याकाळची. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर खेळाडूंची छाटणी होते. तिला ‘कट’ म्हणतात. निम्म्याहून अधिक खेळाडूंना त्या दिवशी सामान आवरावे लागते. सर्वसाधारण स्पर्धेत कट चुकलेल्या खेळाडूला बक्षिसाचा एक डॉलरही मिळत नाही. मग तिच्या कॅडीला काय मिळते?

कोठल्याही कायद्याने न ठरलेली, पण रूढीने पक्की झालेली वाटणी अशी आहे: आठवड्याची एक ठरीव रक्कम, जी महिलांच्या दौऱ्यावर हजार-दीड हजार डॉलरांच्या आसपास सांगितली जाते, आणि तिच्यावर बक्षिसाचा हिस्सा. कट पार केला तर पाच टक्के, पहिल्या दहांत आल्यास सात, जिंकल्यास दहा. याहून कमीअधिक करार असतात. पण पाच-सात-दहा हा त्या जगातला पाढा आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे आपल्याकडील अर्धेलीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. अर्धेलीने केलेल्या जमिनीत पीक बुडाले तर मालकाचेही बुडते आणि कसणाऱ्याचेही. धोका दोघांत वाटला जातो, म्हणून ही पद्धत शतकानुशतके टिकली, असे तिचे समर्थन केले जाते. कॅडीचा करार वरवर पाहता तसाच, किंबहुना अधिक उदार. कारण पीक बुडाले तरी ठरीव रक्कम आहेच. पण हिशेब मांडून पाहावा. दीड हजार डॉलर ठरीव रक्कम धरू. त्यातून पाचशे विमानाला, पाचशे खोलीच्या हिश्श्याला, तीनशे जेवणाला गेले असे समजू. कट चुकलेल्या आठवड्यात हातात राहिले दोनशे. कट पार झाला आणि खेळाडूला शेवटल्या क्रमांकांपैकी एक मिळून सहा हजार डॉलर हाती आले, तर कॅडीचे आणखी तीनशे. आकडे गृहीत आहेत, पण त्यांचा घाट खरा आहे. बियाणे, बैल आणि औत कसणाऱ्याचे, आणि पाऊसही त्याच्याच नशिबाचा, असा हा करार आहे. उलट २०२४ च्या महिलांच्या अमेरिकन ओपनसारखे एखादे सुगीचे वर्ष आले तर दहा टक्क्यांच्या रूढीने एका रविवारी दोन लाख चाळीस हजार डॉलर! या एका रविवारच्या आशेवर बाकीचे शुक्रवार निघतात. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्याला ते खिशातून विकत घ्यावे लागते. कॅडी त्याची किंमत खांद्याने देतो.

नोटीस, रजा, निवृत्तिवेतन यांपैकी काहीच नाही. पाठ धरली तर आठवडा बुडाला. खेळाडूचा सूर हरपला की पहिला बदल होतो तो कॅडीचा, कारण तोच एक बदलण्याजोगा असतो. अमेरिकेतील पुरुषांच्या दौऱ्यावरील कॅडींनी २०१५ मध्ये न्यायालयात एक गाऱ्हाणे मांडले. स्पर्धेत त्यांना अंगरख्यावरून एक बिनबाह्यांची बंडी घालावी लागते. तिच्यावर पुरस्कर्त्यांची नावे असतात. आमच्या अंगाचा जाहिरातीचा फलक करता, त्याचे पैसे आम्हांस का नाहीत, हा त्यांचा सवाल होता. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निर्णय दिला: ही बंडी कित्येक दशके कॅडीच्या पोशाखाचा भाग आहे, आणि ते ठाऊक असूनच तुम्ही हा धंदा पत्करलात. म्हणजे गणवेशाच्या बाबतीत तो दौऱ्याचा माणूस. पगाराच्या बाबतीत मात्र कोणाचाच नाही.

महिलांच्या दौऱ्यावर याहून एक निराळी आणि आपल्याला जवळची गोष्ट दिसते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये बंगलोरच्या अदिती अशोकची बॅग तिच्या वडिलांच्या खांद्यावर होती. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती तिच्या आईच्या खांद्यावर होती. त्या स्पर्धेत अदिती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकले, आणि त्या शनिवारी सकाळी गोल्फचा एकही नियम ठाऊक नसलेली घरे दूरदर्शन संचापुढे बसली होती. दीक्षा डागर या कर्णबधिर खेळाडूच्या बरोबर कॅडी म्हणून अनेकदा तिचे वडील असतात. वृत्तपत्रांनी यात वात्सल्य पाहिले, आणि ते आहेच. परंतु वात्सल्याच्या मागे एक साधा ताळेबंदही असतो. आरंभीच्या वर्षांत बक्षिसे लहान, प्रवास मोठा. त्यातून कॅडीची ठरीव रक्कम आणि टक्केवारी वजा जाऊ लागली तर खेळाडूला दौरा परवडत नाही. तेव्हा घरचा माणूस बॅग उचलतो. आपल्याकडे विमेन्स गोल्फ असोसिएशन ऑफ इंडिया चालवीत असलेल्या दौऱ्याचा टप्पा बहुधा तीन दिवसांचा, ५४ होलचा असतो आणि बक्षिसांची एकूण रक्कम रुपयांच्या काही लाखांतली. तेथे तर दोनच पर्याय उरतात, घरचे माणूस किंवा त्या त्या क्लबातला स्थानिक कॅडी. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने म्हटले होते की, एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते, काम मात्र तेच राहते. बापाने मुलीची बॅग उचलली की तेच घडते. फरक इतकाच की, त्या बापाला कोणी बिचारा म्हणत नाही, आणि त्याच मैदानावर तेच ओझे वाहणाऱ्या परक्याला कोणी पाहतही नाही.

महिलांच्या दौऱ्यावरील कॅडीचे कसब किती सूक्ष्म असते याचा पुरावा खुद्द खेळाच्या नियमांत आहे. पूर्वी फटका मारण्याआधी कॅडी खेळाडूच्या बरोबर पाठीमागे उभा राही आणि तिचे पाय व खांदे लक्ष्याच्या रेषेत आहेत की नाहीत हे सांगे. महिलांच्या दौऱ्यावर ही रीत विशेष रूढ होती. २०१९ पासून नियम बदलला आणि असे मागे उभे राहण्यास बंदी आली. नेम धरणे हे खेळाडूचे स्वतःचे कसब असले पाहिजे, असे नियमकर्त्यांचे म्हणणे. ते योग्यच असेल. पण ज्या मदतीवर बंदी घालावी लागते ती मदत हमाली नव्हे, एवढे त्यातून निश्चितपणे सिद्ध होते.

शिखरावरची स्थिती ही. आता पायथ्याकडे, म्हणजे आपल्या शहराकडे यावे.

भारतातील बहुतेक क्लबांतून व्यवस्था सामान्यतः एकाच नमुन्याची असते. कॅडीला क्लबाचा क्रमांक असतो, कसबाप्रमाणे त्याची प्रतवारी असते, फेरीचा दर क्लबाची समिती ठरविते. पैसे मात्र खेळणारा सभासद देतो, वर खुशीने काही देईल ते निराळे. सकाळी येऊन नाव लावावयाचे आणि पाळी येईपर्यंत थांबावयाचे. पाळी आली तर दिवस गेला. नाही आली तर तो दिवस कोणाच्याच खात्यावर पडत नाही. पावसाळ्यात फेऱ्या रोडावतात. त्यातच विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या.

लालबाग-परळच्या वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल. गिरणीच्या फाटकावर पहाटे जमणारे बदली कामगार हे याच जातीचे चित्र होते. कायम कामगार गैरहजर राहिला तर बदलीला काम. नाही तर घरी परत. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली नियंत्रणाची योजना आणली, बदलीला कार्ड दिले आणि कार्डधारकालाच काम द्यावयाचे असे ठरविले. तिने फाटकावरची मनमानी काहीशी कमी झाली, पण माणूस वर्षानुवर्षे बदलीच राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करा ही एक मागणी होती, हे आज त्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांकडे पाहून कोणाच्या ध्यानातही येणार नाही. गिरणीच्या बदलीला निदान गिरणी होती. फाटक कोणाचे, हा प्रश्न त्याला पडत नव्हता. कॅडीला मात्र तोच पडतो.

न्यायालयांनी या प्रश्नाशी बरीच झुंज घेतली आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मद्रास जिमखान्याच्या आणि १९६८ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या प्रकरणात असे ठरविले की, सभासदांचा क्लब हा ‘उद्योग’ नव्हे. म्हणून औद्योगिक कलहाचा कायदा त्याला लागू नाही. सभासद स्वतःचीच सेवा करून घेतात, त्यात उद्योग कसला, असा हा युक्तिवाद होता. चर्चगेटच्या ब्रेबर्न स्टेडियमवर चहा नेऊन देणाऱ्या वेटरला हा युक्तिवाद कितपत पटला असेल हे सांगावयास नको. दहा वर्षांनी, २१ फेब्रुवारी १९७८ रोजी, बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या सुप्रसिद्ध निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे दोन्ही निर्णय मोडीत काढले आणि क्लबही उद्योगाच्या व्याख्येत आले. वेटर, माळी, स्वयंपाकी यांची बाजू त्यामुळे सावरली. परंतु क्लबाच्या हजेरीपटावर ज्यांचे नावच नाही त्यांचे काय?

याचे उत्तर देणारा, मला माहीत असलेला सर्वांत बोलका खटला हाँगकाँगचा आहे. तेथील रॉयल हाँगकाँग गोल्फ क्लबात वर्षानुवर्षे काम केलेल्या एका कॅडीने, आपण क्लबाचे नोकर आहोत म्हणून रजा-सुट्यांचे हक्क मिळावेत, अशी मागणी केली. क्लबाने त्याला क्रमांक दिला होता, गणवेश दिला होता, सामान ठेवण्यास कपाट दिले होते. पाळी क्लब ठरवी, पैसेही क्लबामार्फत मिळत. १९९७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने बहुमताने निर्णय दिला की, तो क्लबाचा नोकर नव्हे. क्लबावर त्याला काम देण्याचे बंधन नाही, त्याच्यावर रोज येण्याचे बंधन नाही. क्लबाने त्याला केवळ आवारात येऊन खेळाडूंना आपली सेवा देण्याची परवानगी दिलेली आहे. लॉर्ड हॉफमन यांनी भिन्न मत नोंदविले. माझे मत, कायद्याचा मी पंडित नसलो तरी, हॉफमन यांच्या बाजूचे आहे. गणवेश, क्रमांक, दर आणि पाळी या चारही गोष्टी ज्याच्या हातात आहेत त्याला मालक न म्हणणे म्हणजे शब्दांचा खेळ आहे. परंतु बहुमताच्या निकालात एक अडचण खरी होती हेही मान्य केले पाहिजे: कॅडीला रोज नवा मालक असतो, आणि यांपैकी कोणाही एकाच्या गळ्यात त्याच्या म्हातारपणाची जबाबदारी घालता येत नाही.

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने हीच अडचण सोडविण्याचा आव आणला आहे. पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर राहून जो कमावतो तो ‘गिग’ कामगार, अशी तिची व्याख्या. कॅडी तिच्यात चपखल बसतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीवर असंघटित कामगार म्हणून त्याला नावही घालता येते. येथवर ठीक. पण कल्याणनिधीत पैसे कोणी घालावयाचे? संहितेने हे ओझे वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्क्यांपर्यंत ज्यांच्यावर टाकले ते ‘अॅग्रिगेटर’, म्हणजे संगणकाच्या मध्यस्थीने ग्राहक व सेवक यांची गाठ घालून देणाऱ्या कंपन्या. क्लबातला कॅडी-मास्तर हीच मध्यस्थी चिठ्ठी आणि पेन्सिल घेऊन करतो, म्हणून क्लब सुटला! मोबाइलवर पाळी लावली तर दायित्व, फळ्यावर खडूने लावली तर मुक्ती, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे. परिणामी कॅडीच्या हाती राहते ते नोंदणीचे कार्ड आणि सरकार कधीकाळी जाहीर करील त्या योजनेची प्रतीक्षा.

आश्चर्य याचे वाटते की, या कोड्याचे उत्तर मुंबईने छप्पन-सत्तावन्न वर्षांपूर्वीच काढून ठेवले आहे. मस्जिद बंदरचा धान्यबाजार, लोखंडबाजार, कापडबाजार येथे डोक्यापाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडीची स्थिती नेमकी हीच होती. सकाळी एका पेढीचा माल, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या; विचारावयास गेले तर प्रत्येक व्यापारी म्हणणार, हा माझा नोकर नव्हे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि त्या कायद्याने ‘मालक कोण’ हा प्रश्न सोडविण्याऐवजी सरळ बाजूस ठेवला. कामगार, मालक आणि सरकार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ निर्माण केले. मालकांची नोंदणी तेथे, कामगारांची तेथे. मजुरी मंडळात भरावयाची, तिच्यावर लेव्ही भरावयाची, आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, दवापाणी. मालक शंभर असोत की हजार, कामगाराच्या खात्यावर सारे एकत्र जमते. भारतात असंघटित मजुरासाठी याहून शहाणी रचना मला तरी माहीत नाही. आणि ती विद्यापीठात नव्हे, बाजाराच्या धक्क्यावर सुचली, याची आमच्या व्यवसायाने नोंद घ्यावी.

माथाडी मंडळांत पुढे जे दोष शिरले तेही सर्वश्रुत आहेत. बनावट संघटना, माथाडीच्या नावाखाली खंडणी, मंडळांतील दिरंगाई. परंतु त्यांवर बोट ठेवून मूळ तत्त्व टाकून देणे हे दुधात माशी पडली म्हणून म्हैस विकण्यासारखे आहे.

क्लबांचे आक्षेप काय येतील याचा अंदाज बांधता येतो. कॅडीलाच हे स्वातंत्र्य हवे असते, बांधून घेतलेले त्याला नको, असे सांगितले जाईल. यात तथ्य आहे; कित्येक कॅडी जोडधंदा करतात आणि हवे तेव्हा येतात. पण मंडळाच्या योजनेत रोज येण्याची सक्ती नसते. जेवढ्या फेऱ्या, तेवढी लेव्ही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणूस महाग केला तर सभासद विजेची गाडी घेतील. त्यावर उपाय म्हणून गाडीच्या भाड्यावरही तेवढीच लेव्ही बसवावी, म्हणजे माणूस घेण्यात तोटा राहणार नाही. आणि मंडळाच्या खात्यावर जमा होणारी रक्कम सभासदाच्या दृष्टीने किती क्षुल्लक असेल! फेरीमागे पन्नास रुपये धरले आणि कॅडीच्या वर्षात दोनशे फेऱ्या झाल्या तर दहा हजार रुपये होतात. वीस वर्षे हे खाते चालले, तर गुडघे जायच्या सुमारास त्याच्यापाशी व्याजासह काहीतरी असेल.

कोणी म्हणेल, कॅडीतूनच मोठे खेळाडू निघतात, त्यांना कल्याणनिधी कशाला? दिल्लीच्या क्लबात कॅडी असलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय ठरला आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकला. कलकत्त्याच्या रॉयल क्लबातील माळ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकून गेला. या कथा खऱ्या आहेत आणि त्या सांगाव्यात. पण दोघातिघांच्या भाग्यावर शेकडोंच्या म्हातारपणाचा विमा उतरविता येत नाही. शिवाय या वाटेने वर आलेली कोणी मुलगी मला आठवत नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. थायलंड, जपान, कोरिया येथील मैदानांवर कॅडीचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. आपल्या क्लबांतून हे काम पुरुषांचेच मानले गेले आहे. ज्या मुलीचे वडील सभासद नाहीत किंवा सैन्यदलात अधिकारी नाहीत, तिला त्या हिरवळीवर पाऊल ठेवण्याचा मार्ग आपल्याकडे मुळात कोठला?

अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या एडिंबरो शहरात ‘कॅडी’ हा शब्द गोल्फपुरता नव्हता. निरोप पोहोचविणारे, ओझी वाहणारे, नवख्याला वाट दाखविणारे ते शहरातले लोक. नगरपरिषदेच्या नियमांखाली संघटित होते, आणि शहरात त्यांच्या शब्दाला पत होती. म्हणजे या शब्दाच्या जन्मस्थानीही त्याच्यामागे एक मंडळी उभी होती. मुंबईत असे मंडळ स्थापावयाचे तर प्रारंभ फार लहान करता येईल. तीन मैदाने, त्यांवरील नोंदलेले कॅडी, राज्याच्या कामगार खात्याचा एक अधिकारी, आणि फेरीच्या चिठ्ठीवर सभासदाचे नाव, कॅडीचा क्रमांक व दर यांच्या पुढे आणखी एक रकाना. ती चिठ्ठी रोज लिहिली जातेच.